कलशाखालचे गहू

भैयासाहेब शितोळे देवासच्या एका आटा मिलमध्ये शिफ्ट इन्चार्ज होते, पण सगळे त्यांना ओळखत ते पूजेवाले भैयासाहेब म्हणून. पणजोबा दरबारात मानकरी होते, तेवढ्या पुण्याईवर मिलमधली दसऱ्याची पूजा त्यांच्याकडे चालत आली होती. पहिल्या रोलरशेजारी खांबाला देव्हारा, त्यात गव्हाच्या राशीवर कलश. आरतीचं ताट मालकाच्याही आधी भैयासाहेबांच्या हातात. बाकी आयुष्यात फारसं काही हाती लागलं नव्हतं, म्हणून त्या ताटाला ते जिवापाड जपत.

गेल्या चैत्रात किड्यांनी उच्छाद मांडला. पीथमपूरच्या गिऱ्हाइकानं मैदा परत पाठवला. औषधाच्या धुरीला किडे आता भीक घालत नव्हते. मग मालक गोलूसेठनं इंदूरहून ईशानीला बोलावलं. तिचं काम म्हणजे अख्खी मिल तापवायची. धान्य-पीठ झाडून बाहेर काढायचं, मशिनं उघडी टाकायची, खिडक्या बंद करायच्या आणि हीटर-पंखे लावून दिवसभर पन्नास अंशांच्या वर उष्णता धरून ठेवायची. किडे जागच्या जागी वाळून मरतात. तिचा धंदा नवा होता, आणि माळव्यातली ही पहिलीच मिल.

"काका, एक दाना भी अंदर नहीं रहना चाहिए, हं," तिनं बजावलं होतं.

भैयासाहेबांनी कानाकोपरा झाडून घेतला, त्यात कसूर नाही. फक्त हीटर पेटायच्या आधी त्यांनी देव्हारा कलशासकट उतरवला आणि वजनकाट्याच्या गार खोलीत नेऊन ठेवला. असल्या भट्टीत देवांना कोण ठेवतो? मिल निवल्यावर हातपाय धुऊन त्यांनीच तो पुन्हा खांबाला लावला. राशीतले गहू गेल्या दसऱ्याचे होते, पण त्यांच्या लेखी ते धान्य नव्हतंच. ते देवाचं आसन.

थोड्याच दिवसांत चाळणीवर पुन्हा सोंडे दिसले. गोलूसेठ भडकला. "मैडम, आपका काम तो फेल हो गया," म्हणाला, आणि माळव्यातल्या प्रत्येक मिलवाल्याला हे सांगणार, असंही म्हणाला. ईशानीनं जागोजागी चिकटपट्ट्या लावल्या. किडे सापडत ते फक्त पहिल्या रोलरपाशी. उष्णता तिथंच कशी कमी पडली, हे बिचारीला उमगेना.

एका सकाळी देव्हारा पुसताना भैयासाहेबांनी कलश उचलला, तर खालची रास हलत होती.

आता बोला. पाहणारं कुणी नव्हतं. गहू गुपचूप फेकून दिले असते तरी भागलं असतं, पण पोरीचा धंदा बसला असता. आणि तोंड उघडलं तर मान जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि देवांसाठी नव्हे, स्वतःसाठी वाटलं. दुपारी ती रास परातीत काढून ते ऑफिसात गेले.

"सेठ, मैडमची गलती नाही. देव मीच बाहेर नेले होते, गव्हासकट."

गोलूसेठनं परातीत पाहिलं. ओरडला नाही. ईशानीला मिल पुन्हा तापवायला सांगितलं आणि मग अगदी अदबीनं म्हणाला, "भैयासाहेब, इस दशहरे से पूजा रणवीर कर लेगा. आप आराम कीजिए."

रणवीर म्हणजे त्याचा पुतण्या.

"जी," भैयासाहेब म्हणाले.

दसऱ्याला रणवीरनं आरती मोबाइलवर लावली. भैयासाहेब हमालांच्या रांगेत टाळ्या वाजवत उभे होते. रणवीरच्या हातातलं ताट फिरत फिरत त्यांच्यापाशी आलं, तेव्हा सवयीनं त्यांचे दोन्ही हात ते धरायला पुढे गेले.


रणवीर क्षणभर थांबला. भैयासाहेबांनी हात ज्योतीवर नेले, डोळ्यांना लावले आणि शेजारच्याला जागा करून दिली.