चिंचोक्यांची गोधडी

कनेरगाव नाक्यावरची आमची शिवणारी बाई ओठात दोरा धरूनच बोलायची. डॉक्टरांनी स्वमग्न म्हटलेल्या लेकरांसाठी ती कप्प्याकप्प्यांत चिंचोके भरून जड गोधड्या शिवायची. त्या वजनाखाली लेकरं शांत व्हायची.

आम्ही आया मात्र उशी शिवायला टाकली असं लोकांना सांगायचो. तीही गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, “वहिनी, उशी झाली, घेऊन जा!”

एकदा तिच्या स्वतःच्या पोराची गोधडी रस्त्याकडच्या भिंतीवर उन्हात घातलेली होती. शेजारणीनं हात लावून विचारलं, “एवढी जड काहून?”

“माह्या लेकराला वजन लागतं. त्याबिगर झोपत न्हाई.”

मग मला पाहून तिनं आवाज चढवला, “वहिनी, तुमची उशी!”

मी ती पिशवीत कोंबली. घरी आले, कडी लावली आणि मगच लेकीच्या अंगावर टाकली.