सुमात्राच्या डोंगरावर आमचा गडगा

मुर्नीचा फक्त एक हात दिसत होता, कोपरापर्यंत. बाकी सगळी मुर्नी पत्र्याखाली. पत्र्यावर चिखल आणि चिखलावर आमच्या शेताच्या हद्दीवरच्या गडग्याचे दगड.

मी तो हात धरला आणि ओढायला लागले. तिची आई रोस्मा वरून घसरत आली आणि तिने माझ्या मनगटावर जोराचा फटका मारला. "सबर!" ती ओरडली. "सबर!" तिची भाषा मला अर्धीमुर्धी कळते, पण सबर हर्णेत आणि सुमात्रात एकच. मी हात सोडला. चिखलातली बोटं हलली. म्हणजे सून जिवंत होती.

रोस्माने एक रिकामा डबा उचलला आणि फावड्याच्या दांड्याने बडवायला सुरुवात केली. तो आवाज! खालच्या कांद्याच्या वाफ्यांतून बाया, पुरुष, सगळे वर धावले. मला वाटलं, आता हे पत्रा उचलतील. तर ते मुर्नीच्या बाजूने सरळ पुढे गेले आणि वरच्या अंगाला पाण्यासाठी चर खणायला लागले. माझी सून दगडाखाली आणि हे गटार काढतायत! हर्णेच्या बंदरावर जेवढ्या शिव्या ऐकल्या होत्या तेवढ्या मी त्यांना घातल्या. एकही कोणाला कळली नाही, हे बरं झालं. पाणी दुसरीकडे वळवलं नसतं तर उरलेला डोंगरही तिच्याच अंगावर आला असता, हे मला नंतर समजलं.

तेवढ्यात जॅकेटच्या खिशात फोन वाजला. इथल्या आमच्या गावात सिग्नल फक्त या शेतावर येतो. हर्णेहून माझी नणंद हमीदा दुपारचं जेवण आटपून व्हिडिओ कॉल लावते, ती तिची वेळ. चिखलाच्या हाताने मी बंद करायला गेले आणि तो चालू झाला.

"काय गो भाबी, तोंडाला काय लावलंस?"

"डोंगर आला खाली."

"या अल्लाह! जमीन गेली?"

"जमीन इथेच आहे. सुनेच्या अंगावर."

फोन मी गवतात टाकला. तो चालूच होता. त्यातून हमीदाच्या दुआ ऐकू येत होत्या आणि मी दगड उचलत होते.

आता पहिल्यापासून सांगते, कारण हर्णेत या गोष्टीच्या चार आवृत्त्या फिरतायत आणि त्यातल्या एकीत मी मेले आहे.

माझा नवरा जहाजावर खलाशी होता. तो गेला. मुलगा अस्लम जहाजाच्या इंजिनात काम करायचा. इथल्या पाडांगच्या बंदरात एका खाणावळीत त्याला मुर्नी भेटली आणि मग माझा मुलगा समुद्र सोडून डोंगरावर चढला. सात पिढ्यांत आमच्यात कोणी समुद्रसपाटीपासून वर राहिलं नव्हतं. त्याने मला बोलावलं तेव्हा मी सत्तरीत होते. शेजारणी म्हणाल्या, आता कुठे जातेस? मी म्हटलं, इथे तरी कुठे जायचंय, कब्रस्तानातच ना.

निघायच्या दिवशी अंगणात सगळी जमली. रडायला तयार होती, पण मी रडेना, त्यामुळे त्यांचीही पंचाईत झाली. घराच्या चाव्या मी दिराच्या हातात दिल्या. घर त्यांचंच होतं. किताबात आमच्या बाईचा हिस्सा लिहिलेला आहे. सातबाऱ्यावर नसतो. माझे बावा म्हणायचे, "बाईमाणसाने जमिनीकडे बघून चालावं, जमीन मागू नये." मी आयुष्यभर जमिनीकडे बघूनच चालले. विमानात पहिल्यांदा जमिनीवरून नजर उचलली आणि खिडकीला नाक लावून जे बसले ते क्वालालंपूरपर्यंत. माझ्या शेजारच्या माणसाला समोसा मिळाला, तो मी खाल्ला की त्याने, आठवत नाही.

पाडांगहून जीप वर चढायला लागली. आधी भातशेती, मग चहा, मग ढग. अंगावर दोन स्वेटर. वर पोचले तर समोर डोंगराच्या टोकातून धूर निघतोय. मी विचारलं, कोणाचं काय पेटलंय? अस्लम म्हणाला, "अम्मी, तो ज्वालामुखी आहे, रोजचाच आहे." खाली काळी माती, इतकी भुसभुशीत की काठी टेकवली तर वीतभर आत गेली. आमच्याकडे जांभ्यात एक कलम लावायचं तर पहारीने खड्डा फोडायचा, बाहेरून माती आणून भरायची. इथे कोबी असा येतो, जसा काही मातीला तो ठेवून घ्यायचा कंटाळा आलाय! पहिल्या दिवशी मी ती माती मुठीत घेऊन वास घेतला आणि मुलाला सांगितलं, इथे पैसा घाल.

पण घालायचा कसा? परक्या देशाच्या माणसाला तिथे जमीन नावावर घेता येत नाही. आणि त्या लोकांत तर आपल्या घरच्या पुरुषालाही नाही. जमीन आईकडून मुलीकडे जाते. जावई बायकोच्या घरी राहतो, पाहुण्यासारखा. बोलायचा अधिकार बाईच्या भावाचा, त्याला ते मामाक म्हणतात. हे ऐकून मी इतकी हसले की मला ठसका लागला. पंचाहत्तर मुलुख फिरलेल्या आमच्या खलाशांनी ही गोष्ट घरी कधी सांगितली नव्हती!

रोस्माच्या आजीचं एक शेत, लादांग म्हणतात त्याला, दुसऱ्या कुटुंबाकडे सोन्यावर गहाण पडलं होतं. सोनं परत केलं की शेत परत. अस्लमने जहाजाची कमाई घातली, मी माझ्या पाटल्या काढून दिल्या. शेत सुटलं आणि रोस्माच्या घराण्याचं झालं. हमीदा फोनवर किंचाळली, "पाटल्या तुझ्या आणि जमीन विहिणीची? भाबी, तुला वर थंडीने झालंय तरी काय?"

हिशेब साधा होता. पिकेल ते सगळ्यांचं. पण अजून मूल नव्हतं. उद्या मुर्नीला काही झालं, तर ना त्या शेतात आमचं काही, ना त्या घरात. रीत अशी की बायको गेली की जावई आपली वळकटी उचलतो. हे मला माहीत होतं आणि तरी मी पाटल्या दिल्या. मिरचीचं पहिलं पीक आलं तेव्हा लाल ढिगावर बसून मी फोटो काढून घेतला आणि हर्णेला पाठवला. लग्नात काढला नव्हता तसा.

मग गडग्याचं खूळ निघालं. कोकणी माणसाने जमीन घेतली की आधी दगडाचा गडगा घालतो, झाड नंतर लावतो. गडगा नाही तर ती जमीन आपली वाटतच नाही. दीर फोनवर रोज विचारायचा, "अस्लम, गडगा झाला काय रे?" अस्लमलाही तेच हवं होतं. तिथली माणसं हद्दीला लाल पानांची झुडपं लावतात, बस्स. आम्ही ओढ्यातून दगड आणले. मीही उचलले. छातीएवढा गडगा, वरून खालून सगळीकडून, पाण्याला वाट म्हणून कुठे सोडली नाही. लोक येऊन बघून जायचे. एकाने रोस्माला विचारलं, "तुझ्या विहिणीच्या देशात चोर फार आहेत का?"

त्या जागेवर पाण्याची वाट होती. जांभ्यावर पाणी गडग्याखालून झिरपून जातं. इथे बारीक राखेसारखी माती दगडांच्या फटीत बसली आणि गडगा धरणासारखा झाला. तीन दिवस पाऊस लागला. अस्लम मिरची घेऊन बाजाराला गेलेला. वरच्या गडग्याला पोट आलेलं मुर्नीने बघितलं, फावडं घेतलं आणि तो फोडायला गेली. तिने पहिला दगड काढला आणि सगळंच सुटलं. राखणीची झोपडी तिच्यावर आली. पत्रा आडवा पडला, त्याखाली हवा राहिली.

चर झाल्यावर माणसं पत्र्याकडे वळली. एक रांग केली, दगड हातोहात खाली. कोणी आरडाओरडा करेना. मी रोस्माच्या शेजारी उभी होते, तिच्याकडून दगड घेत होते, पुढे देत होते. पत्रा उचलला तेव्हा आतून मुर्नी आपल्या आईवरच खेकसली, "एवढा वेळ?" मग तिने पायाकडे बघितलं आणि शुद्ध हरपली.

पाय दोन ठिकाणी मोडला होता. ती दवाखान्यातून घरी आल्यावर रोस्माचा भाऊ, म्हणजे त्यांचा मामाक, येऊन बसला. मला वाटलं, आता आम्हाला हाकलणार. गडगा आमचा, पाय त्यांच्या मुलीचा. त्याने अस्लमला विचारलं, "तुझ्या आईच्या बाजूने बोलणारा इथे कोण आहे?"

"कोणी नाही," अस्लम म्हणाला.

"म्हणून असं झालं. कोणी असता तर त्याने तिला पहिल्या दगडालाच अडवलं असतं." मग तो म्हणाला, बकरा कापून गावाला जेवण घालायचं आणि मला रोस्माची बहीण म्हणून त्यांच्या घराण्यात घ्यायचं, अस्लम मात्र जावईच राहील. बाहेरून आलेल्याला घ्यायची त्यांची जुनी रीत आहे.

मी विचारलं, "बकरा कोणाचा?"

"तुमचा."

"मला घेणार तुम्ही आणि बकरा माझा? अस्लम, सांग त्याला."

अस्लम सांगायला घाबरत होता. मी त्याला कोपर मारलं. मामाकने ऐकलं आणि एवढा हसला की त्याची टोपी मांडीवर पडली. शेवटी बकरा अर्धा अर्धा ठरला.

उरलेला गडगा आम्ही काढला. आता हद्दीला लाल झुडपं आहेत. हमीदा म्हणते, "मग गुरं नाही गो शिरत?" मी म्हणते, इथे गुरं बांधलेली असतात, माणसं मोकळी असतात. ती म्हणते, तू बदललीस. बदलले नाही. मला पहिल्यापासून जमीन हवी होती, कोणी विचारलं नव्हतं. अजून एकही वाफा माझ्या नावावर नाही, पण उद्या अस्लम मला काही बोलला तर माझ्यासाठी भांडायला एक माणूस टोपी घालून येईल. हर्णेचं घर मला आठवतं, विशेषतः संध्याकाळी, जेव्हा किनाऱ्यावर माशांचा लिलाव चालू असेल आणि इथे माझ्या ताटात पुन्हा कोबी असतो. तरी कोणी घर कुठे विचारलं तर मी या डोंगराचं नाव सांगते. विचारणाऱ्याला ते उच्चारता येत नाही, त्याला मी काय करू.

हर्णेतल्या सगळ्यांना एकदाच सांगते, पुन्हा फोनवर विचारू नका. डोंगर आला तेव्हा त्या शेतावर आम्ही तिघी होतो, रोस्मा, मुर्नी आणि मी. मुर्नी थोडी लंगडते. तिघी जिवंत आहोत.