लाल दोऱ्याचा कोपरा

आमच्या हॉलमध्ये भुतं येतात असं मी सांगतो, तेव्हा सोसायटीतली नवी मंडळी हसतात. हसू देत. एचएसआर लेआउटमधल्या त्या तळमजल्याच्या हॉलमध्ये मी पाच वर्षं दर गुरुवारी दुपारी दोन ते पाच भुतांच्या शेजारी बसून शिवणकाम केलंय. कोण येतं आणि कोण येत नाही, ते त्यांना काय विचारायचं?

काम असं. लोक अर्धवट राहिलेल्या गोधड्या आमच्या वॉचमनकडे पिशवीत घालून ठेवून जातात. आम्ही त्या पुऱ्या करतो. अस्तर लावायचं, मध्ये कापसाचा पातळ थर घालायचा, दोरे घालायचे, चारी कडांना मगजी शिवायची, गरम पाण्यात धुवायची आणि लहान मुलांच्या कर्करोगाच्या वॉर्डात नेऊन द्यायची. मग ती गोधडी त्या पोराची. ते घरी गेलं तर त्याच्याबरोबर घरी जाते. घरी नाही गेलं, तरी त्याच्याबरोबरच जाते. पुढं काय झालं हे आपण विचारायचं नाही, हा आमचा पहिला नियम. पिशवी कुणाची हेही विचारायचं नाही, हा दुसरा.

गोधड्या अर्धवट का राहतात? कुणाची आई गेलेली असते. कुणाचे डोळे गेलेले असतात. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एखाद्या मुलीनं लॉकडाऊनमध्ये हौसेनं सुरुवात केलेली असते आणि नवव्या चौकोनाला हौस संपलेली असते. एका गोधडीत तर ओवलेली सुई तशीच खोचून आली होती. 'आलेच' म्हणून उठलेली बाई परत आलीच नव्हती. ती सुई मी हातात घेतली तर कोमट. शपथेवर सांगतो, कोमट! बायको म्हणते, खिडकीतल्या उन्हानं तापली असेल. बायकोला भुतांमधलं काही कळत नाही.

या कामाला मला लावलं तिनंच. आठ बायका आणि एकटा मी. निवृत्त झाल्यावर तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "घरात बसून कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतर मोजता, त्यापेक्षा टाके मोजायला चला." चौतीस वर्षं मी सरकारी कारखान्यात मालाची तपासणी केली. मी नापास केलेले सुटे भाग एकावर एक रचले असते, तर नंदी हिल्सच्या डोंगरावर दुपारी सावली पडली असती. त्यामुळं शिवायला शिकलो ते तपासनिसासारखंच. इंचाला सहा टाके, पट्टी लावून. आणि तपासणीही आपसूक माझ्याकडे आली, कारण वॉर्डाची अटच होती: सैल टाका नको, सुटा दोरा नको. सैल टाक्यात सलाइनची नळी अडकते. मग मला काय, रानच मोकळं. टाका बघून मी बाईचं वय सांगायचो, रक्तदाब सांगायचो, त्या दिवशी नवऱ्याशी भांडण झालं होतं की सासूशी, तेही सांगायचो. बायका हसून लोळायच्या.

न लोळणाऱ्या एकच, अक्का. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलं आणि अजून मराठी बोलतं, मध्ये मध्ये कन्नडचे चौकोन जोडून. त्या इथल्याच शिवाजीनगरहून दोन बस बदलून यायच्या आणि माझ्या उजव्या हाताला बसायच्या. "अण्णा, स्वल्प कमी सांगा," म्हणायच्या, "मागच्या गुरुवारी नंदी हिल्स होतं, आज हिमालय केलात."

एका वर्षी अक्का चार महिने आल्या नाहीत. "घरी बरं नाही" एवढा निरोप होता. परत आल्या तेव्हा वाळून निम्म्या झाल्या होत्या. कुणी काही विचारलं नाही. वॉर्डातलं न विचारता न विचारता आम्हाला अशी काही सवय जडली होती, की आपसातलंही विचारेनासे झालो होतो. कुणी रडलेल्या डोळ्यांनी आलं तर आम्ही त्यांच्यापुढं दोऱ्याचं रीळ सरकवायचो. त्याला आम्ही सभ्यपणा समजत होतो.

त्याच गुरुवारी वॉचमननं एक पिशवी आणून दिली. आत फिक्या निळ्या कापडाची गोधडी, जवळजवळ पुरी झालेली, नुसती मगजी बाकी. पांढऱ्या दोऱ्याचे टाके सुरेख. पण एका कोपऱ्यात, हातभर जागेत, लाल दोरा. आणि तो दोरा काय चालला होता! मुंग्यांची रांग दारू पिऊन निघावी तसा. एक टाका नखाएवढा, पुढचा बोटाएवढा, मधेच परत मागं.

मी गोधडी दोन्ही हातांनी उंच धरली. "हे कुणी शिवलंय? बसमध्ये उभ्यानं? सिल्क बोर्ड चौकातल्या खड्ड्यांवर? का सुईलाच ताप आला होता?"

हॉल फुटला हसून. अक्कासुद्धा हसल्या. मला पक्कं आठवतं, कारण त्यांना हसवणं ही माझ्या दृष्टीनं मोठीच कमाई होती.

मग मी तो कोपरा सगळा उसवला. सैल टाके होते, नियमाप्रमाणे योग्यच केलं. पांढऱ्या दोऱ्यानं, इंचाला सहा, रेल्वेच्या रुळासारख्या ओळी घातल्या, मगजी लावली आणि गोधडी धुण्याच्या ढिगात टाकली. धुणं महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी असायचं. त्याला अजून दोन आठवडे होते.

पुढच्या गुरुवारी अक्का आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही.

"जाऊन बघून या," बायको म्हणाली. "तुम्हीच काहीतरी बोलला असाल."

"मी काय बोलणार?"

"काय बोलायचं ठेवता, ते सांगा."

म्हणून त्याच गुरुवारी, हॉलवरून लगेच उठून, मी शिवाजीनगरला गेलो. पंख्यांच्या मोटारी गुंडाळणाऱ्या एका दुकानाच्या डोक्यावर अक्कांचं दोन खोल्यांचं घर. त्यांनी कॉफी केली. खुंटीवर शाळेचं एक दप्तर होतं, त्याच्या कप्प्यातून डबा डोकावत होता. घरात मूल तर दिसत नव्हतं.

"नातीचं आहे," अक्का म्हणाल्या. "आठ वर्षांची होती. आपल्याच वॉर्डात."

मी कप खाली ठेवला. "अक्का, आम्हाला कुणालाच..."

"तुमी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नियमच आहे ना आपला." त्या खाली बसल्या. "निळी गोधडी मीच शिवत होते, अण्णा. तिच्या उशाशी बसून. एक दिवस म्हणाली, अज्जी, एक कोपरा मला दे. उजव्या हातात सलाइन, म्हणून डाव्यानं शिवायची. दोरा लालच पायजे म्हणाली, दिसला पायजे. आणि म्हणाली, ही मला नको. मला घरी आहे. ही माझ्यानंतर या पलंगावर जो येईल त्याला. माझे टाके त्याच्या अंगावर असू देत."

आता सांगायचं तर, ज्या माणसानं टाक्यावरून बायकांचे रक्तदाब सांगितले, त्याला वर्षानुवर्षं शेजारी बसलेल्या बाईचा पांढरा टाका ओळखता आला नव्हता. पण हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी मी जन्मभर जे केलं तेच केलं. सुरू झालो. म्हणालो, अक्का, तो कोपरा मी उसवलाच नाही. नुसतं सोंग केलं. दोन टाके काढले तर तिसऱ्याला कात्रीच बोथट झाली, असला चिवट दोरा! मगजीखाली तसाच ठेवलाय सगळा. वर नुसती एक पांढरी ओळ घातलीय, पहारेकऱ्यासारखी...

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही 'स्वल्प कमी' म्हणाल्या नाहीत.

"सरी, बरं अण्णा," म्हणाल्या, आणि उठून कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. उघडला. आत लाल दोऱ्याचे तुकडे होते, बोटभर, नखभर. "त्या दिवशी केर काढायची पाळी माझीच होती."

उसवलेला दोरा सरळ होत नाही. टाक्याची लाट त्याच्यात राहते. करंड्यात ते तुकडे कुरळे होऊन पडले होते, आणि माझी नजर पुन्हा खुंटीवरच्या दप्तराकडे गेली.

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?" मी विचारलं.

"सगळे हसत होते." अक्कांनी झाकण लावलं. "मी पण हसले, अण्णा. तेच झोपू देत नाही. तुमचं काय नाही."

खालच्या दुकानात कुणीतरी मोटार फिरवून बघत होतं. मी हिशोब केला. आज गुरुवार. धुणं उद्या. नव्या सुती कापडाला सुईची भोकं राहतात, पाणी लागेपर्यंत. एकदा गरम पाणी लागलं की धागे फुगतात आणि भोकं मिटतात, जसं काही कुणी शिवलंच नव्हतं.

"अक्का, चला," मी म्हणालो. "लाल रीळ असेल तर घ्या."

रिक्षात मी म्हणालो, या सिग्नलला मागच्या वेळी रिक्षावाल्याला दाढी आली होती. अक्का म्हणाल्या, "अण्णा, आता नको." मग पुरा रस्ता गप्प बसलो. माझ्या आयुष्यात तेवढी शांतता तोवर झालेली नव्हती.

हॉलवर पोचलो तेव्हा बायका आवरून निघत होत्या. बायकोनं आमची तोंडं पाहिली आणि सगळ्यांना घेऊन बाहेर गेली. मी ढिगातून निळी गोधडी काढली, पश्चिमेच्या खिडकीखाली पसरली आणि माझ्या पांढऱ्या ओळी उसवल्या. मग गुडघ्यावर बसून गाल कापडाला टेकवला. तिरप्या उन्हात दिसायला लागली भोकं, टाचणीच्या टोकाएवढ्या सावल्या.

अक्कांना दिसेनात. त्यांचे डोळे त्या वेळी कामाचे नव्हते. त्यांनी कापड ताणून धरलं आणि मी लाल दोरा ओवला, गाठ मागच्या बाजूला दिली आणि पहिल्या भोकात सुई घातली.

टाके बघून बाईचं सगळं सांगतो म्हणायचो ना मी? थापा होत्या सगळ्या. पण त्या दिवशी, देवाशपथ, वाचता आलं. इथं तिनं ओठ दाताखाली धरून चार टाके घातलेत. इथं कुणीतरी नळी बदलायला आलं, म्हणून उडी. इथं हात दुखायला लागला, टाके लांब लांब गेले. इथं एकाच भोकातून सुई दोनदा गेली, म्हणजे डोळा लागत होता. इथं पुन्हा सकाळ झाली, टाके बारीक झाले. सुई मी पुढं नेत नव्हतोच, कुणीतरी ती पुढून ओढत होतं, जरा डावीकडे. मी यातलं अक्षरही बोललो नाही. अक्का नुसत्या त्या हातभर जागेकडे बघत होत्या, जणू तिथं कुणी निजलंय.

रांग मगजीच्या चार बोटं अलीकडे थांबली. पुढं भोक नव्हतं. मी कापड फिरवून पाहिलं, उन्हात तिरपं धरलं, नखानं चाचपूनही पाहिलं. नव्हतंच.

मी तिथंच गाठ मारली, पक्की. अटीप्रमाणे.

गोधडी दुसऱ्या दिवशी धुतली गेली आणि त्याच आठवड्यात वॉर्डात गेली. कुणाला मिळाली, विचारलेलं नाही. आता हॉलमध्ये मी पट्टी नेत नाही. पण कुठलीही गोधडी घेतली तरी माझा हात दहा-बारा टाक्यांनंतर डावीकडे ओढला जातो, आणि मी मागं वळून बघतो. तुम्ही हसा. बायको आता हसत नाही.

एक मात्र सांगायचं राहिलं. मी त्याच जागेत माझीही भोकं पाडून ठेवली होती, इंचाला सहा. तिची भोकं आणि माझी भोकं एकमेकांत मिसळली होती. बहुतेक ठिकाणी फरक कळत होता. काही ठिकाणी नाही. दहा ठिकाणी, बारा ठिकाणी मी अंदाजानं सुई घातली.

गाठ मारून झाल्यावर अक्कांनी चष्मा पुसला आणि एकेका टाक्यावरून बोट फिरवायला लागल्या. फार सावकाश. सगळा कोपरा फिरून बोट एका जागी थांबलं. तिथं ओळीनं तीन टाके होते, सरळ, सारखे.

"हे तिचेच?"

"तिचेच."

अक्का त्या तीन टाक्यांवर बोट ठेवून बसून राहिल्या. ऊन खिडकीच्या चौकटीवर सरकलं होतं.

"बघा की, अण्णा," म्हणाल्या, "सरळ आलेत. शिकत होती."

"हो," मी म्हणालो. "शिकत होती."