गाडीवरचा ताळा

स्वीडनच्या उत्तरेतल्या त्या गावात पंधराव्या वर्षीच पोरांना गाडी मिळते, पण पाय बांधलेली. ताशी तीसच्या वर जायची नाही. मागं लाल त्रिकोण, अन् त्याच्या मागं वैतागलेल्यांची रांग. एव्हर्ट मास्तर शाळेमागच्या गॅरेजात याच गाड्यांवर गणित शिकवायचा. त्याचा एकच हेका: "फळ्यावरच्या उत्तरावर विश्वास ठेवू नका. ताळा गाडीवर करा."

तिंद्राला गणिताचं वावडं. नापास झाली तर मेकॅनिकच्या कोर्सला प्रवेश नाही, आणि तिला तर दुसरं काही व्हायचंच नव्हतं. एव्हर्टनं तिच्या हातात गाडीच्या गिअरबॉक्समधली दोन दातेरी चाकं ठेवली. दात मोज, या चाकाचा एक फेरा झाला, तर त्या चाकाचे किती? मान खाली घालून बसली बया, आणि काढलं की उत्तर!

"म्हणजे गाडी तीसला अडते ती या चाकांमुळे?"

"मग काय, इंजिन लाजतं म्हणून?"

"आणि शंभरला न्यायची असेल तर कुठली चाकं लागतील?"

गणितात तिनं आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. मास्तर हुरळला, तिथंच घात झाला. "काढून दाखव," म्हणाला. तिनं काढलं. त्यानं पाठ थोपटली, आणि कॉफीच्या सुट्टीत हातातला दालचिनीचा बन नाचवत साऱ्या मास्तरांना सांगत सुटला, "पोरीनं बाजी मारली!"

फेब्रुवारीत तळ्याकाठच्या वळणावर तिची गाडी बर्फावरून घसरून झाडावर आदळली. पोर जागीच गेली. गिअरबॉक्समधली दातेरी चाकं तिनं बदलली होती.

"तुला कुणी दोष देत नाही, एव्हर्ट," हेडमास्तरीण म्हणाली. जळलं मेलं ते न देणं! कुणी शिव्या घातल्या असत्या, तर निदान मान खाली घालून ऐकता तरी आल्या असत्या.

दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये सगळे कॉफीला बसले. तिंद्राची आई, आनेली, कप घेऊन त्याच्याच शेजारी आली.

"तिचं ते उत्तर खरंच बरोबर होतं का रे?"

त्यानं हातातला बन बशीत ठेवला. "होतं."

"पास केली असतीस?"

"केली असती."

आनेलीनं कप खाली ठेवला.

"तिला खरं वाटत नव्हतं. म्हणाली, आई, आजवर माझं एक गणित बरोबर आलं नाही, तो उगाच माझं मन राखतोय. ताळा करून बघते."