गुलाबी डाग

हॉटेलात सगळे त्यांना माघारी 'फिनाईलताई' म्हणत, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. साफसफाई विभागाच्या त्या प्रमुख. चादरीवरची सुरकुती त्यांना दारातूनच दिसायची. गालिच्याला चिकटलेलं च्युइंगगम त्या बर्फ लावून असं उचलायच्या की ते तिथे कधी नव्हतंच असं वाटावं. घरीही तीच शिस्त. नवरा लिफ्टदुरुस्तीवाला. संध्याकाळी दारातच त्याचे हात उलटेसुलटे करून बघितले जायचे, आणि ग्रीस सापडलं की चहा बाहेरच्या पायरीवर मिळायचा. लेक म्हणायची, आई स्वर्गात गेली तरी आधी खिडक्यांच्या काचा बघेल.

अशी बाई समुद्रात उतरली ती भांडणापायी.

हॉटेलमागच्या धक्क्यावर प्रवाळाची रोपवाटिका सुरू झाली होती. तिथली पाणबुडी मंडळी ओल्या, वाळूने माखलेल्या पायांनी ताईंच्या नुकत्याच पुसलेल्या बोळातून नळावर जायची. ताईंनी पाटी लावली, तर पाटीवरच वाळूचा पंजा उमटला. तेव्हा मात्र त्या बाह्या सरसावून धक्क्यावर गेल्या. तिथे त्यांच्या लेकीच्या वयाची एक मुलगी पाण्याच्या टबाशी बसून प्रवाळाच्या फांदीचे पकडीने तुकडे करत होती. तीच तिथली शिकवणारी, म्हणजे मास्तरीण.

जिवंत आहे ना ते, मग तोडतेस कशाला, हा ताईंचा पहिला प्रश्न. मास्तरणीने समजावलं की तुकड्याची जखम भरते, तो दोरीला टांगला की पाण्यात वाढतो आणि तळहाताएवढा झाला की मेलेल्या खडकावर नेऊन चिकटवायचा. ताईंचं लक्ष मात्र टबातल्या हिरव्या शेवाळाकडे होतं.

"हे साफ कोण करतं?"

"आम्हीच. खाली जाऊन, टूथब्रशने."

"नीट करत नाही तुम्ही," ताई म्हणाल्या, आणि तिथेच अडकल्या.

सुटीच्या दिवशी रोपवाटिकेच्या कामाला हात लावणाऱ्या हॉटेल कर्मचाऱ्यांना पाण्याखाली उतरण्याचं शिक्षण फुकट होतं. पाण्यात एकट्याने उतरायचं नसतं, जोडीदार लागतो. तो मिळाला हॉटेलच्या आचाऱ्याच्या रूपात. अवाढव्य, शांत माणूस. भटारखान्याच्या आरडाओरड्यातून सुटका होईल अशी जगात एकच जागा उरली आहे, ती पाण्याखाली, असं त्याचं म्हणणं होतं.

पहिलं संकट तरंगण्याचं. तळाला न टेकता आणि वर न उसळता एका जागी थांबता आलं पाहिजे, नाहीतर पायातल्या लांब पंखांचा एक फटकारा आणि रोपवाटिकेचा चुराडा. ताई आधी पोत्यासारख्या वाळूत बसल्या, मग फुग्यासारख्या वर निघाल्या. घरी येऊन त्यांनी गाऱ्हाणं सांगितलं तर नवऱ्याचा चेहरा खुलला. इतक्या वर्षांत बायकोने पहिल्यांदाच त्याच्या खात्यातला प्रश्न विचारला होता.

"अगं, लिफ्टच आहे ही," तो म्हणाला. "छाती भरली की वर, रिकामी केली की खाली. पण तिला जरा वेळ दे. तू सारखी बटणं दाबत बसतेस."

मास्तरीणही हेच सांगत होती, की श्वास रोखायचा कधीच नाही, फक्त लहानमोठा करायचा. पण नवऱ्याच्या तोंडून ते पटलं. पुढच्या खेपेला ताई पाण्यात अशा थांबल्या, जणू दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट.

मग त्यांना एक दोरी नेमून दिली. तिच्यावरचे बोटाच्या पेराएवढे तुकडे ताईंनी घासूनपुसून तळहाताएवढे केले. आता त्यांना एकच हवं होतं, ते म्हणजे लावणीच्या चमूत जागा. आपण वाढवलेले तुकडे आपल्याच हाताने खडकावर बसवायचे. आयुष्यभर लोकांनी चिकटवलेलं सोडवत आले, एकदा तरी मला काही चिकटवू दे, असं त्या आचाऱ्याला म्हणाल्या. मास्तरणीनेही जागा कबूल केली.

आणि लावणीच्या तोंडावर ताईंना सिमेंटच्या चकत्यांचा ट्रे दिसला.

रोपवाटिकेच्या टोकाला तळावर तो कधीचा पडून होता. प्रत्येक चकतीवर गुलाबी, खरखरीत, हट्टी डाग. कुणाचं लक्ष नाही, असं ताईंच्या मनात आलं आणि ब्रश चालू झाला. ब्रशने निघेना तेव्हा त्यांनी खरवडणी काढली. वर आल्या त्या विजयी मुद्रेने. सगळ्या चकत्या बशीसारख्या पांढऱ्या.

मास्तरीण खाली जाऊन बघून आली आणि मास्क काढून तिने ताईंना शेजारी बसवलं. मग तिने सांगितलं. तो डाग नव्हता. ते एक कवचासारखं कडक, जिवंत शेवाळ होतं, आणि ते धरावं म्हणूनच चकत्या महिनोन्महिने समुद्रात ठेवल्या होत्या. प्रवाळाची पिल्लं पाण्यात तरंगत, भाडेकरूंसारखी घर बघत फिरतात, आणि हा गुलाबी थर दिसला तर पसंत करून कायमची राहतात. पिल्लं वर्षातून एकदाच सुटतात. यंदा त्या ट्रेवर कुणी राहायला येणार नव्हतं.

"मग मी काय करू?" ताईंचा आवाज एवढासा झाला होता.

"काही करू नका, ताई. तेच शिकायचंय तुम्हाला. ट्रे पुन्हा गुलाबी होऊ दे, मग लावणीचं बघू."

लावणीची पहिली फेरी ताईंशिवाय गेली. त्यांची दोरी तेवढी मास्तरणीने राखून ठेवली. दर सुटीला ताई खाली जायच्या आणि हात पाठीशी बांधून ट्रेपुढे तरंगायच्या. एखादी गोष्ट घाण होण्याची वाट बघणं हे काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. घरी नवऱ्याच्या हाताकडे बघायचंसुद्धा त्या विसरू लागल्या, तसा तो घाबरला आणि आपणहून साबणाने हात धुऊन येऊ लागला.

शेवटी एका चकतीच्या कडेला मसुराएवढा गुलाबी ठिपका दिसला. ताई बघत राहिल्या. तेवढ्यात बाजूने एक भलामोठा हात आला. आचाऱ्याचा. ट्रेची गोष्ट ताईंनी लाजेपोटी त्याला सांगितलीच नव्हती, त्यामुळे त्यांना आवडेल म्हणून तो मोठ्या मायेने तो ठिपका घासायला निघाला होता.

ताईंनी त्याचं मनगट धरलं. त्याला वाटलं, ब्रश हवाय, म्हणून त्याने दिला. ताईंनी मान हलवली. त्याने दुसऱ्या हाताने नखाने खरवडायला सुरुवात केली. पाण्याखाली बोलता येत नाही, आणि 'ही घाण नाही' अशी खूण पाणबुड्यांच्या भाषेत नाही. ताईंनी ठिपक्याकडे बोट दाखवलं, मग दोन्ही हातांची झोळी करून तान्हं जोजवतात तशी हलवली. आचाऱ्याने क्षणभर विचार करून आनंदाने त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. ताईंनी कपाळावर हात मारला, तो मास्कच्या काचेवर बसला. पुन्हा ठिपका, पुन्हा झोळी. आता कुठे त्याला उमगलं, आणि त्याने आपला मोठा हात अपराध्यासारखा पाठीमागे नेला.

या सगळ्यात ताई तळाला टेकल्या नाहीत की वर उसळल्या नाहीत. ते वरून बघणाऱ्या मास्तरणीच्या लक्षात आलं होतं.

"उद्या लावणीची दुसरी फेरी आहे," बोटीत चढल्यावर ती म्हणाली. "तुमची दोरी घेऊन या."

"ट्रे अजून कुठे गुलाबी झालाय?"

"ट्रेचं होईल सावकाश. तुमचं झालंय."

दुसऱ्या दिवशी ताईंनी मेलेल्या खडकावर चिकटवायच्या पुट्टीचा गोळा दाबला, त्यात आपला पहिला तुकडा बसवला आणि बोटाने हलवून पाहिला. हलला नाही. गोळ्यावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, तो पुसायला त्यांचा हात पुढे झाला आणि थांबला. शेजारी आचारी हाताची झोळी करून जोजवत होता. त्याच्या पलीकडचा पाणबुड्याही तेच करत होता. ती खूण एका रात्रीत रोपवाटिकेत रूढ झाली होती.

वर आल्यावर नवऱ्याला फोन करायची एवढी घाई झाली की ताई तशाच बोळातून धावल्या. मागे फरशीवर ओल्या वाळूची पावलं उमटत गेली. सफाईवाली बिचारी पोछा घेऊन मागोमाग धावली, आणि ती पावलं कुणाची हे बघून जागीच खिळली.

ताईंनी वळून पाहिलं. पावलं खरोखरच घाण दिसत होती.

"राहू दे," त्या म्हणाल्या. मग दोन पावलं पुढे जाऊन परत फिरल्या. "जेवणाच्या सुट्टीपर्यंतच हं."