घारोबाची दोरी

आमचा नातजावई क्रेन चालवतो. बांधकामाच्या डोक्यावर लोखंडी मनोरा, त्याच्या टोकाला काचेची केबिन, तीच त्याची गादी. तिशीही गाठलेली नाही, पण सळयांचा भारा असा टेकवतो, जणू झोपलेलं पोर पाळण्यात ठेवलं. खालचे लोक त्याला घारोबा म्हणतात. मी एकदा विचारलं, "जावईबापू, वर भीती नाही वाटत?"

म्हणाला, "आजोबा, वर कसली भीती? माणसं खाली असतात."

शिडी चढता-उतरताना दम लागायचा, म्हणून पठ्ठ्याने युक्ती काढली. केबिनमधून दोरी सोडायची, कॅन्टीनवाल्याने पिशवी बांधायची, याने वर ओढायची. सकाळी चढला की संध्याकाळीच खाली. पिशवीत कोल्ड्रिंकच्या बाटल्या, बिस्किटं, तळलेलं काहीबाही. हातपाय काडीसारखेच राहिले, पोट तेवढं पुढे आलं. नात म्हणायची, "आधी पोट घरात येतं, मग नवरा."

कंपनीच्या वार्षिक तपासणीत निघालं, फॅटी लिव्हर. आता आमच्या घराण्यात लिव्हर म्हटलं की दारू, दुसरी गोष्टच नाही. माझा एक चुलतभाऊ त्यानेच गेला. तिरडीवरसुद्धा त्याच्या तोंडाला वास होता म्हणतात. नातीचं डोकं फिरलं.

"वर बसून पितोस?"

"थेंब नाही. तुझी शपथ!"

"माझी कशाला? स्वतःची घे."

दुसऱ्या दिवशी ती थेट कामावर हजर. कॅन्टीनवाला पिशवी बांधत होता. हिने ती हिसकावून सगळ्यांदेखत उलटी केली. बाटल्या गडगडल्या. एकेक उघडून हुंगली. सगळं साखरपाणी! वरून घारोबाने आनंदाने भोंगा वाजवला.

निर्दोष सुटल्याच्या थाटात दोघं कंपनीच्या डॉक्टरांकडे गेली. "दारू नाहीच निघाली, डॉक्टर. नुसतं कोल्ड्रिंक!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, दारू म्हणालं कोण? न पिणाऱ्याच्याही लिव्हरवर चरबी चढते. मग ते इन्सुलिनला जुमानत नाही, रक्तात साखर सोडत राहतं. तुमची शुगर आत्ताच काठावर आहे."

"या वयात?"

"या वयात शुगर लागली, तर शरीर पोखरायला तिला पुढचं सगळं आयुष्य मिळतं. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. वाढली असेल, तर वर बसायची परवानगी देणार नाही. तिथं चक्कर आली तर?"

घारोबाचा चेहरा उतरला. "मग मी खाली काय करू?"

"माणसांत राहायचं," नात म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिने दोरी सोडवून घरी आणवली. आता डब्यासाठी घारोबाला उतरावं लागे आणि जेवून पुन्हा चढावं लागे. सुरुवातीला मधल्या टप्प्यावर बसून तो शिडीला, बायकोला आणि मलाही शिव्या घाली. मला का, ते अजून कळलेलं नाही. कोल्ड्रिंक सुटलं, तेव्हा आठवडाभर कुणाशी धड बोलला नाही.

सहा महिन्यांनी शुगर काठावरून मागे सरकली होती. लिव्हरवरची चरबी घटली, पण गेली नव्हती. डॉक्टरांनी परवानगी दिली, तीही पुढच्या तपासणीपर्यंतच.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा गॅलरीत त्याच दोरीवर त्याच्या विजारी वाळत होत्या, कमरेत आत घेतलेल्या. घारोबा दोरी चाचपून म्हणाला, "काय मजबूत होती हो, आजोबा!"

"अजून आहे," आतून नात म्हणाली. "चादरीसुद्धा पेलते."