झाकलेली ताटं

होटगी स्टेशनच्या बाकावर शेजारी एक म्हातारा धनगर बसला होता. भाकरी मोडून त्यानं न विचारताच अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"घरात माणसं किती?"

"आई आणि आम्ही तिघं भाऊ. तिघांच्या गिरणीतल्या पाळ्या वेगळ्या, ज्याचं त्याचं ताट झाकलेलं. भांडण कसलं ते ठाऊक नाही," मी ऐटीत म्हणालो.

"आमी अकरा जणं. एका चुलीभवती बसतो, रोज कालवणावरनं भांडतो." मग त्यानं काळजीनं विचारलं, "तुमी बोलता तरी कवा मग?"

गिरणीच्या पुढच्या सुट्टीला मी चारी ताटं शेजारी शेजारी मांडली. शेंगाचटणीवरून धाकटा माझ्याशी कडाकडा भांडला. आई हसत उठली आणि तिनं पुन्हा तवा ठेवला.